तांबडा दरवाजा आणि जुने गिऱ्हाईक

दुकानाची मालमत्ता मोजावयाची झाली म्हणजे आपण शिल्लक माल मोजतो, येणे-देणे पाहतो, जागेची किंमत धरतो. यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसणारी एक मत्ता प्रत्येक दुकानापाशी असते. ती म्हणजे गिऱ्हाइकांचे त्या दुकानाविषयीचे मत. हे मत बनावयास वीस-पंचवीस वर्षे लागतात आणि बिघडावयास दोन-तीन हंगाम पुरतात. वहीत त्याची नोंद नसल्यामुळे ते बिघडू लागल्याचे मालकाला सर्वांत शेवटी कळते. खप घटल्याचा आकडा समोर येतो, तेव्हा मत पालटून बराच काळ लोटलेला असतो.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ घराणी कापडाच्या व तयार कपड्यांच्या व्यापारात आहेत. त्यातही बायकांच्या कपड्यांचा व्यापार हा विशेषेकरून मतावर चालणारा. एका घरातील सासू, सून आणि लेक एकाच दुकानात येतात, पण तिघींची दृष्टी निराळी असते. आणि घरी परतल्यावर त्या दुकानाविषयी जे बोलतात, त्यावर पुढच्या लग्नसराईचा बस्ता कोठे बांधावयाचा ते ठरते. म्हणून आज या सदरात अमेरिकेतील बायकांच्या कपड्यांच्या एका जुन्या व नामांकित दुकानाची हकिकत मांडीत आहे. त्याचे नाव टॅलबट्स. तेथील हवा निराळी, पोशाख निराळे, भांडवलाचे व्यवहारही निराळे. तथापि गिऱ्हाइकाचे मन तेथेही आपल्यासारखेच आहे, आणि त्या मनाचा हिशोब चुकला म्हणजे काय होते ते या हकिकतीत स्वच्छ दिसते.

१९४७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील हिंगम या गावी रुडॉल्फ आणि नॅन्सी टॅलबट या पती-पत्नींनी हे दुकान मांडले. हिंगम हे बोस्टन शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेले जुने गाव. दुकानासाठी त्यांनी घेतलेली इमारत म्हणजे सतराव्या शतकातील एक लाकडी घर. त्याचा पुढचा दरवाजा तांबडा रंगविलेला होता. पुढे दुकाने वाढली तेव्हा प्रत्येक ठिकाणी दरवाजा तांबडाच ठेवण्यात आला आणि तीच या पेढीची ओळख बनली. दुकान मांडल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, त्यांनी ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाच्या वर्गणीदारांची नावे मिळवून तीन हजार पत्रके टपालाने पाठविली. यात त्यांचे व्यापारी धोरण उघड दिसते. आपला माल कोणत्या बाईसाठी आहे हे त्यांनी आधी ठरविले, ती कोठे सापडेल याचा विचार केला आणि मग तिच्या घरी पत्रक धाडले. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना सर्व काही विकण्याचा लोभ त्यांनी धरला नाही.

ती बाई कोण? शिकलेली, मध्यम वा बऱ्या स्थितीतील, साधारण पस्तिशीच्या पुढची. तिला अंगावर नीट बसणारा, चार वर्षे टिकणारा आणि चार वर्षांनी कालबाह्य न वाटणारा कपडा हवा होता. टॅलबट्सने तिला तोच दिला. गडद निळा ब्लेझर, सरळ बेताची पँट, पांढरा सदरा, लोकरी कार्डिगन, गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट. त्यात चमत्कार काही नव्हता आणि चमत्कार नसणे हीच त्याची किंमत होती. एखादीला आपल्या मापाचा कपडा दुकानात सापडला नाही, तर तेथे ठेवलेल्या तांबड्या फोनवरून तो मागविता येई व घरपोच मिळे. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रियांसाठी निराळी मापे १९८० च्या दशकात आली, स्थूल बांध्याच्या स्त्रियांसाठी पुढे आली. ज्या बाईला इतर दुकानांतून ‘आपल्या मापाचे नाही’ हे उत्तर ऐकण्याची सवय झालेली असते, तिला एखाद्या ठिकाणी आपले माप मिळाले म्हणजे ती ते ठिकाण सहसा सोडीत नाही. या दुकानाविषयीच्या जुन्या आदराचे मूळ तेथे आहे.

१९७३ साली टॅलबट दांपत्याने दुकान जनरल मिल्स या मोठ्या कंपनीस विकले. त्या वेळी दुकाने होती अवघी पाच. जनरल मिल्सचा मूळ धंदा पिठाचा व धान्यजन्य खाद्यपदार्थांचा; पण त्यांनी एक शहाणपण केले. नॅन्सी टॅलबट यांना त्यांनी कामावर ठेवले आणि त्या १९८३ पर्यंत तेथे राहिल्या. याच दहा वर्षांत अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने कचेऱ्यांत, बँकांत, वकिलीच्या व्यवसायात शिरत होत्या. पुरुषांच्या बरोबरीने बसताना अंगावर काय असावे हा त्यांच्यापुढे खरा प्रश्न होता. टॅलबट्सपाशी त्याचे उत्तर तयार होते. १९८८ साली जस्को या जपानी कंपनीने हा व्यवसाय ३२ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेतला. तेव्हा दुकानांची संख्या शंभराच्या वर गेली होती. १९९३ साली कंपनीचे भाग बाजारात विक्रीस आले.

येथवरची कथा वाढीची आहे. पण नव्वदच्या दशकात अमेरिकेतील कचेऱ्यांची शिस्त सैल होऊ लागली. आठवड्यातून एक दिवस साध्या कपड्यांत येण्याची मुभा मिळाली आणि हळूहळू तोच दिवस सर्व आठवडा व्यापू लागला. ब्लेझरची निकड कमी झाली. शिवाय दुकानाचे गिऱ्हाईकही वयाने पुढे सरकले. तेव्हा १९९७ च्या सुमारास चालकांनी मालाला तरुण वळण दिले. कपड्यांची उंची घटली, बेत तंग झाले. तरुणी काही आल्या नाहीत. नेहमीच्या बायका मात्र आल्या, त्यांनी पाहिले आणि त्या रिकाम्या हाती परत गेल्या. त्या वर्षी नफा एकदम खाली आला. चालक सावध होते. त्यांनी पाऊल मागे घेतले, जुना बेत परत आणला, आणि दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक पुन्हा आले. परत येणारे गिऱ्हाईक हे भाग्याचे लक्षण होय. आपले चुकले हे दुकानाने कबूल केले, एवढ्यावर त्या बायकांनी मागचे विसरून टाकले.

हा धडा एकदा मिळाल्यावर तो पुन्हा घ्यावा लागू नये. पण व्यापारात धडे व्यक्तींबरोबर येतात आणि व्यक्तींबरोबर जातात. १९८८ पासून पेढीची सूत्रे सांभाळणारे आर्नल्ड झेचर २००७ साली निवृत्त झाले. त्यापूर्वी, २००६ मध्ये, कंपनीने एक मोठा व्यवहार केला होता. जे. जिल नावाची, साधारण त्याच वयाच्या स्त्रियांसाठी सैल व आरामशीर कपडे करणारी दुसरी कंपनी तिने सुमारे ५१ कोटी ७० लाख डॉलरांस विकत घेतली. त्यासाठी मोठे कर्ज काढले. हेतू असा की घरगुती व सुटीचा पोशाखही आपल्याकडेच असावा. हेतू वाईट नव्हता. किंमत मात्र फार होती आणि काळ वाईट निघाला. दोन वर्षांत अमेरिकेत मंदी आली. २००९ साली तीच कंपनी ७ कोटी ५० लाख डॉलरांस विकावी लागली. ज्या वाचकांनी उधारीवर दुसऱ्या पेढीचा व्यवहार अंगावर घेतला असेल, त्यांना या दोन आकड्यांमधील अंतराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

२००७ साली लिझ क्लेबोर्न या प्रसिद्ध कंपनीतून ट्रुडी सलिव्हन यांना मुख्याधिकारी म्हणून आणण्यात आले. त्यांच्यापुढील अडचण काल्पनिक नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. दुकानाची अवस्था अशी होती की आई तेथे आनंदाने जाई आणि लेक दारातच थांबे. ‘हे तर आईचे दुकान’ असे तरुण पिढी म्हणू लागली होती. जुने गिऱ्हाईक वर्षागणिक एक-एक वर्षाने वाढत होते आणि त्याच्या मागची जागा भरून निघत नव्हती. असे दुकान वीस वर्षांनी कोठे असेल, हा प्रश्न कोणत्याही जबाबदार माणसाची झोप उडविणारा आहे. सलिव्हन यांनी मुलांच्या व पुरुषांच्या कपड्यांची दुकाने बंद केली, इंग्लंडमधील कारभार आवरला. हे निर्णय धोरणीपणाचे होते. स्त्रियांच्या कपड्यांवरच लक्ष द्यावे, हे दुकानाच्या मूळ स्वभावाला धरून होते.

त्यानंतर मालाचे रूप बदलले. रंग भडक झाले, बेत अंगासरसे झाले, नक्षी व धातूचे अलंकरण वाढले. जाहिरातींत २०१० साली लिंडा इव्हँजेलिस्टा ही विख्यात मॉडेल आली आणि पुढच्या वर्षी अभिनेत्री ज्युलियन मूर आली. या दोघीही तेव्हा पंचेचाळिशी-पन्नाशीच्या होत्या. प्रौढ स्त्रीही देखणी व आधुनिक असते, असे सांगण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यात गैर काही नव्हते. गैर झाले ते कपड्यात. जाहिरात पाहून आत आलेल्या बाईला आपला नेहमीचा कार्डिगन तेथे दिसेना. दिसला तरी त्याची बाही आखूड झालेली, उंची घटलेली. पँट मिळाली तर कंबर खाली गेलेली. तिशीतील अंगावर जे शोभते ते पंचावन्नाव्या वर्षी त्याच बाईच्या अंगावर तसेच बसत नाही, ही साधी गोष्ट कापणाऱ्याच्या हातून निसटली. तरुण स्त्रीला तर या दुकानाकडे फिरकण्याचे कारणच नव्हते. तिच्यासाठी त्याच बाजारात तशाच मालाची दहा दुकाने होती, आणि त्यांच्या नावाला आईचे नाव चिकटलेले नव्हते.

या काळातील गिऱ्हाइकांची मते पाहिली तर त्यांत तीन थर दिसतात. पहिला थर मालाविषयीच्या तक्रारीचा: कापड पूर्वीसारखे राहिले नाही, अस्तर गेले, एकच माप दोन कपड्यांत दोन तऱ्हेचे येते. दुसरा थर किमतीविषयीचा: दाम तेच किंवा अधिक, आणि वस्तू हलकी. तिसरा थर सर्वांत खोल आणि बोलून दाखविण्यास कठीण: ‘हे दुकान आता आमच्यासाठी नाही.’ ज्या बाईने पंचवीस वर्षे एका दुकानातून कपडे घेतले, तिथल्या निळ्या ब्लेझरमध्ये पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेली, लेकीच्या लग्नातील पोशाखही तेथूनच घेतला, तिला एके दिवशी जाणवते की या दुकानाला आपली लाज वाटू लागली आहे. आपले वय ही त्याच्या दृष्टीने एक अडचण आहे, जी दूर करावयाची आहे. कापड हलके निघाले तर माणूस रागावतो. अशा जाणिवेने मात्र तो दुखावतो, आणि दुखावलेले गिऱ्हाईक भांडत बसत नाही.

आकड्यांनी या मताची नोंद उशिरा घेतली. २००८ च्या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा ५५ कोटी डॉलरांच्या वर गेला. त्यात मंदीचा आणि जे. जिलच्या व्यवहाराचा वाटा फार मोठा होता, म्हणून सर्व दोष मालाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण मंदी ओसरू लागल्यावरही गिऱ्हाईक परतले नाही, हे अधिक बोलके आहे. २०१० साली जपानी मालकाने आपला हिस्सा सोडला. २०११ साली सुमारे शंभर दुकाने बंद करण्याचे ठरले आणि त्या वर्षाचा तोटाही ११ कोटी डॉलरांहून अधिक झाला. अखेर २०१२ साली सायकामोर पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेने प्रत्येक भागास २ डॉलर ७५ सेंट देऊन सारा व्यवसाय घेतला. कर्जासह ही किंमत सुमारे ३६ कोटी ९० लाख डॉलर धरली गेली. १९८८ साली शंभरावर दुकानांचे ३२ कोटी ५० लाख आले होते. चोवीस वर्षांनंतर पाचशेहून अधिक दुकानांची किंमत जवळजवळ तेवढीच ठरली. चलनाचा घटलेला भाव हिशेबात धरला तर ती निम्म्याजवळ भरते. मधल्या काळात जे गेले, ते कोणत्याही मालाच्या यादीत नव्हते.

नॅन्सी टॅलबट यांचे निधन २००९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी झाले. ज्या वर्षी जे. जिल कवडीमोलाने विकली गेली तेच हे वर्ष. आपण रंगविलेल्या दरवाजाची ही अवस्था त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती.

या हकिकतीचा एक उपांग म्हणून सवलतींविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. टॅलबट्सची जुनी रीत वर्षातून मोजक्या वेळी मोठी सवलत देण्याची होती. तो दिवस बायका ध्यानात ठेवीत आणि एरवी पूर्ण दामाने घेत. माल पडून राहू लागला तसे सवलतीचे दिवस वाढत गेले. सवलतीचा स्वभाव असा की पहिल्यांदा ती गिऱ्हाईक आणते आणि पुढे गिऱ्हाइकाला शिकविते. शंभराची वस्तू वरचेवर साठाला मिळू लागली की तिची खरी किंमत साठच आहे, असे बाई मनाशी धरते. मग ती शंभराच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवीत नाही. यात सर्वांत मोठा अन्याय कोणावर होतो? जी विश्वासाने आली आणि न विचारता शंभर देऊन गेली तिच्यावर. पंधरा दिवसांनी तीच वस्तू साठाला टांगलेली पाहून तिला आपण फसलो असे वाटते. एकनिष्ठेला दंड आणि वाट पाहणाराला बक्षीस, असा हा व्यवहार होतो. आपल्याकडे बाराही महिने ‘सेल’ची पाटी लावणाऱ्या दुकानांनी याचा विचार करण्यासारखा आहे.

२०१२ नंतरची कथा सावरण्याची आहे. पूर्वी याच पेढीत काम केलेल्या लिझॅन किंडलर यांच्या हाती सूत्रे आली. दुकान पुन्हा आपल्या ओळखीच्या मालाकडे वळले. मापांचा विस्तार हा जो त्याचा खरा गुण, त्यावर भर देण्यात आला. कंपनी आज निटवेल ग्रुप या समूहात आहे. अ‍ॅन टेलर, लेन ब्रायंट आणि २०२४ च्या आरंभी आलेली चिकोज यांसारखी नावे त्याच समूहात आहेत. गिऱ्हाइकांचे मत आज एकसारखे नाही. काही बायका समाधानाने परत आल्या. काहींना कापड अजूनही पूर्वीच्या तोडीचे वाटत नाही, आणि सवलत आल्याखेरीज तेथे काही घेऊ नये असे त्या उघड म्हणतात. दुसरीकडे गंमत अशी की २०२२ च्या सुमारास अमेरिकेतील तरुण मुलींत ‘कोस्टल ग्रँडमदर’, म्हणजे समुद्रकाठी राहणाऱ्या आजीसारखा, पोशाख करण्याची हौस पसरली: पांढरा सदरा, सैल पँट, फिकट स्वेटर. पंधरा वर्षांपूर्वी ज्या वेषाला थकलेला म्हणून बाजूला सारले, तोच वेष नाती हौसेने घालू लागल्या. आजीचे कपडे नातीने मागितले. आईच्या वयाच्या बाईला नातीचे कपडे दाखविण्याची मुळात गरज नव्हती.

आता यातून आपण काय घ्यावे? ‘जुने ते धरून बसावे’ असा सोपा अर्थ कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. टॅलबट्सचे पहिले यश हे नवेपणाचेच यश होते. टपालाने पत्रके, फोनवरून मागणी, ठेंगण्या व स्थूल बांध्याची मापे, नोकरदार स्त्रीसाठी पोशाख, या सर्व त्या-त्या काळी नव्या गोष्टी होत्या. फरक एवढाच की त्या गिऱ्हाइकाकडे पाहून केलेल्या होत्या. त्या बाईचे आयुष्य बदलले तसा माल बदलला. १९९७ साली आणि पुन्हा २००७ नंतर जो बदल झाला, तो दुसऱ्याच कोणा बाईकडे पाहून झाला, जी अजून दुकानात आलेलीही नव्हती. बदल कोणासाठी करावयाचा, या एका प्रश्नावर दोन्ही प्रसंगांचा निकाल लागला.

दुसरी गोष्ट तक्रारीविषयी. आपल्याकडे कुरकुर करणारे गिऱ्हाईक हे डोकेदुखी मानले जाते. ‘मागच्या वेळचे पोत असे नव्हते’, ‘काठ विटला’, ‘तुमच्या वडिलांच्या वेळी असे नव्हते’, हे ऐकताना गल्ल्यावर बसलेल्या तरुणाच्या कपाळाला आठी पडते. परंतु जी बाई एवढे बोलते तिला या दुकानाकडून अजून अपेक्षा आहे. अपेक्षा संपली असती तर ती समोरच्या दुकानात गेली असती आणि आपल्याला कळलेही नसते. तक्रार ही गिऱ्हाइकाने दिलेली मुदत असते. टॅलबट्सच्या बायका प्रथम कुरकुरल्या, मग गप्प झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. मधली गप्प राहण्याची पायरी ओळखता आली असती, तर पुढचे पुष्कळसे टळले असते.

आपल्या बाजारपेठांतही हे घडताना दिसते. नऊवारी नेसणाऱ्या आजीबाई आज थोड्या उरल्या म्हणून पुष्कळ दुकानांनी रोजच्या वापराची सुती नऊवारी ठेवणेच बंद केले. हिशेब बरोबर आहे. त्या लुगड्यात फारसे सुटत नाही, आणि फळीवरची तीच जागा कुर्त्यांना दिली तर माल चटकन हलतो. पण ती आजी एकटी येत नसते. तिला घेऊन सून येते, नात येते. आजीला तिचे लुगडे मिळाले नाही तर पुढच्या खेपेस त्या तिघी जेथे ते मिळते तेथे जातात, आणि नातीचे कपडेही तेथेच घेतले जातात. फळीवरच्या चार लुगड्यांचा नफा त्या चार लुगड्यांत मोजावयाचा नसतो. तो मोजण्याची जागा घराण्याच्या खात्यात असते.

हा प्रश्न दुकानापुरता राहत नाही, तो घरात शिरतो. शिकून आलेला मुलगा म्हणतो, ‘दुकानाचे रूप बदलू या, नवे गिऱ्हाईक आणू या.’ वडील म्हणतात, ‘ज्या माणसांनी आपल्याला उभे केले त्यांना काय सांगावयाचे?’ दोघेही आपल्या जागी खरे असतात, आणि म्हणूनच हा वाद कडू होतो. मुलाला पुढची वीस वर्षे दिसत असतात, वडिलांना मागची चाळीस. अशा वेळी मोठ्याने बोलणाऱ्याचे खरे ठरते किंवा दमणाऱ्याचे खोटे ठरते. त्याऐवजी दोघांनी मिळून गिऱ्हाइकालाच साक्षीला बोलावले तर बरे.

त्याचा एक साधा मार्ग आहे आणि त्याला भांडवल लागत नाही. गल्ल्याजवळ एक वेगळी वही ठेवावी. जे विकले गेले ते रोजमेळात येतेच. या वहीत जे विकले गेले नाही ते लिहावे. कोणी काय मागितले आणि ते आपल्याकडे नव्हते. कोणते माप संपले होते. कोणी वस्तू परत आणली आणि का. कोण पूर्वी दर सणाला येत असे आणि दोन सण झाले, दिसले नाही. प्रत्येक नोंदीपुढे मागणाराचे साधारण वय टिपावे. दिवसाला पाच ओळी पुरेत. वही विक्रीवर असलेल्या माणसांनी लिहावी, कारण गिऱ्हाईक मालकापेक्षा त्यांच्यापाशी मोकळे बोलते. आणि लिहिल्याबद्दल त्यांना बोल लागणार नाही अशी खात्री त्यांना द्यावी. महिन्याच्या अखेरीस पिता-पुत्रांनी ती समोरासमोर बसून वाचावी. सहा महिन्यांत त्यांना कळेल की तरुण गिऱ्हाईक खरोखर काय मागत आले होते आणि जुने गिऱ्हाईक काय न मिळाल्याने परत गेले. मग काय बदलावे आणि काय जपावे याचा निर्णय अंदाजाने करावा लागणार नाही. जुने गिऱ्हाईक न येऊ लागले असेल, तर एकदा घरातील वडीलधाऱ्या माणसाने त्यांच्या घरी फोन करून सहज विचारपूस करावी. विक्रीचा विषय काढू नये. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

पाचशे दुकानांच्या कंपनीला प्रत्येक बाईचे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते. तिला तक्त्यांवर आणि सल्लागारांवर विसंबावे लागले. आपल्या पेठेतील दुकानदाराला गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तिच्या लेकीचे सासर आणि तिला न शोभणारा रंगही ठाऊक असतो. एवढे ज्ञान कोणत्याही मोठ्या कंपनीला पैसा ओतून मिळत नाही. ते आपल्यापाशी आहे तोवर वापरावे. येत्या पाडव्याला नव्या वह्या आणताना त्यांत ही एक वही जास्त आणावी, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे.